सुई कोणाच्या हातात होती

अन्याय झाला तो जनावरांच्या दवाखान्यातल्या मामांवर. कधी? दिवाळीआधीच्या रविवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. कुठं? लातुरात, ट्युशन एरियातल्या एका मंगल कार्यालयाच्या अंगणात, मांडवाखाली. मिनिटासकट सांगते, कारण मांडवामागच्या क्लासच्या इमारतीवर मोठं घड्याळ आहे. किंकाळी ऐकून मी वळले तेव्हा आधी तेच दिसलं.

मी पत्रकं लिहिते. कोणावर काय झालं ते पहिल्या ओळीत सांगायचं, लोकांनी काय करायचं ते शेवटच्या ओळीत, मधे फापटपसारा नको, असं मला शिकवलंय. या वेळी मधला भाग लांबणार आहे, कारण मामा पत्रकात मावत नाहीत. शिवाय माझंच एक पत्रक त्यांच्या विरोधात गेलंय. तेही सांगणार आहे.

मामा दवाखान्यात परिचर होते. म्हणजे शिपाईच. जनावर धरायचं, जखम धुवायची, डॉक्टरांना हवं ते हातात द्यायचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी रोज सकाळी गेट उघडायच्या आधी हजर. नवे डॉक्टर आले, गेले, कोणी मामांना हटवलं नाही. हटवून चाललंही नसतं, कारण अंगावर येणारा बैल मामांनी नाकाशी बोट धरलं की उभा राहायचा.

मी नांदेडहून इथं क्लाससाठी आले होते. दोन वर्षं रिपीट केलं. मेडिकल काही झालं नाही, आणि घरी तोंड दाखवायचं नव्हतं म्हणून खोली सोडली नाही. त्या दिवसांत मोटारसायकलखाली आलेलं एक गल्लीतलं कुत्रं पोत्यात घालून मी दवाखान्यात नेलं. मामांनी पोतं उघडलं, कुत्र्याला हात जोडले आणि म्हणाले, "या मालक. बसा. लई लागलं का?" मग माझ्याकडं न बघताच, "ए पोरी, सरक. उजेड आडवायलीस."

"मामा, ते चावेल."

"चावंल तर त्येला कारण हाय. तुला बोलायला काय कारण हाय?"

ही त्यांची रीत. जनावराला अहो, माणसाला अरे. म्हशीला 'बाईसाहेब' म्हणायचे, आणि म्हशीच्या मालकाला, तो सरपंच का असेना, 'ए, शेपटी धर.' अपवाद फक्त डॉक्टरांचा. डॉक्टर वयानं लेकासारखा असला तरी 'साहेब', आणि साहेब खोलीत असेपर्यंत मामा खाली बसायचे नाहीत.

सदऱ्याला दोन खिसे होते. एकात बिस्किटं, दुसऱ्यात शिक्क्याचं पॅड. त्या पॅडची शाई सदऱ्यावर फुटलेली असायची, कायमचा जांभळा डाग. पॅड कशाला? तर नाकासाठी. गायी-म्हशीच्या नाकाच्या ओल्या भागावर रेघा असतात, आपल्या अंगठ्यासारख्या, एकीच्या दुसरीला येत नाहीत. हे त्यांना कोणा जुन्या डॉक्टरांनी सहज सांगितलं होतं. डॉक्टर विसरून गेले. मामांनी वही केली. दवाखान्यात येईल त्या जनावराचं नाक पुसायचं, पॅड लावायचं, कागदावर दाबायचं, खाली गाव आणि मालक लिहायचं. अशा वह्यांवर वह्या. "जनावराला नाव असतंय, पुरावा नसतोय," म्हणायचे. लोक त्यांना नाकाचा तलाठी म्हणून हसायचे.

भूकंपानंतर हसणं थांबलं. मामांचं गाव किल्लारीच्या बाजूला. त्या पहाटे दगडमातीची घरं बसली. मामा वाचले, कारण गोठ्यात गाय व्यायला झाली होती आणि ते तिच्यापाशी बाहेर होते. बायको आत होती. एवढं एकदाच सांगितलं, तेही गायीचं सांगता सांगता. तेव्हापासून ते छताखाली झोपले नाहीत. लातुरातल्या त्यांच्या एका खोलीत भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, खाली पुस्तकं, ट्रंक, सगळं जिथल्या तिथं, आणि खाट मात्र अंगणात. पावसात खाटेवर ताडपत्री.

पुढचे कितीतरी दिवस जनावरं मोकळी फिरत होती. काहींचे मालक राहिले नव्हते, काही मालकांची जनावरं राहिली नव्हती, आणि काही माणसं बाहेरून येऊन भलत्याच्या दावणीची जनावरं आपली म्हणून नेत होती. छावणीत एका म्हशीवर दोघांनी हक्क सांगितला. एक तालेवार गडी, त्याच्याबरोबर चारजण. दुसरी एक बाई, पायात चप्पल नाही, नातवंड कडेवर. बाई नुसतं म्हणत होती, "मपली हाय ओ, मपली हाय." मामांनी ढिगाऱ्यातून काढलेली वही आणली. म्हशीला म्हणाले, "बाईसाहेब, जरा तरास देतो." नाक दाबलं. जुना ठसा आणि नवा ठसा शेजारी धरले. म्हैस बाईची होती.

छावणीवरच्या अधिकाऱ्यानं मामांना विचारलं, "शिक्षण किती तुमचं?"

"धाव्वी नापास. इंग्रजीत गेलो."

"मग तुमचा ठसा कसा धरायचा?"

डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी मामांचीच वही बघितली, मामांनी दाबलेलाच कागद बघितला, आणि सही केली. दाखल्यावर नाव डॉक्टरांचं. म्हैस बाईला मिळाली.

हे ऐकून मी पेटले होते. तेव्हा मी नुकती प्राणिप्रेमी संघटनेत गेले होते, रोज कशावर तरी पेटायचे. "हे काय मामा? काम तुमचं, सही त्यांची?"

मामाच माझ्यावर चिडले. "सही त्येंचीच पायजे! उद्या कोनी बी वही घिऊन यील आन् म्हनंल ही म्हैस ह्येची. मंग? आमच्या बापाला शाळेच्या पायरीवर बसवलं हुतं. आत न्हाई, पायरीवर. त्यो पायरीवरून लिवायला शिकला. कागूद म्हंजी काय त्ये तुला न्हाई कळायचं. तुझ्या घरात कागदाची रास हाय."

 

मग शहर बदललं. क्लास वाढले, होस्टेलं वाढली, क्लासवाल्यांचे बंगले झाले, बंगल्यांत कुत्री आली. पांढरी, केसाळ, लातूरच्या उन्हात धापा टाकणारी. त्यांच्यामागोमाग चिप आली. तांदळाच्या दाण्याएवढी असते. जाड सुईनं कुत्र्याच्या दोन खांद्यांमधे कातडीखाली सोडतात. वरून वाचायचं यंत्र फिरवलं की आकडा दिसतो, आकड्यावरून मालक. मामांनी पहिल्यांदा ते यंत्र फिरताना बघितलं, स्वतः हातात घेऊन दोनदा फिरवलं. मग म्हणाले, "ही तर मपली वहीच हाय की गं. दान्यायेवढी केली लोकानी."

आणि दुसऱ्या दिवशी मला विचारलं, "ही बशिवायला शिक्शन काय लागतंय? इच्यारून सांग."

मी तीन ठिकाणी विचारलं. तीन उत्तरं मिळाली. एकानं सांगितलं, फक्त नोंदणी असलेला जनावरांचा डॉक्टर. दुसऱ्यानं सांगितलं, डॉक्टर समोर उभा असेल तर प्रशिक्षण घेतलेला माणूस चालेल, पण प्रशिक्षणाला किमान दहावी पास. तिसरा चिपा विकणारा होता. तो म्हणाला, "ताई, अर्ध्या तासात शिकवतो, कोणीही बसवू शकतं." मामांनी मधलं उत्तर धरलं. कामून? त्यातच त्यांना जागा होती.

सतरा नंबरचा फॉर्म भरला. शाळेत न जाता दहावीला बसतात तो. पांढऱ्या केसांचा माणूस ट्युशन एरियातल्या पुलाच्या कठड्यावर दहावीचं इंग्रजी मांडीवर घेऊन बसायचा, आणि समोरून डॉक्टर व्हायला निघालेली शेकडो पोरं दप्तरं घेऊन जायची. पोरं हसायची. एकानं विचारलं, "बाबा, कोणत्या बॅचला?" मामा म्हणाले, "तुज्या बापाच्या." इंग्रजी मी शिकवायचे. चार धडे झाले. शब्द पाठ होईनात, पण सही इंग्रजीत करायला शिकले. वहीची पानंच्या पानं सहीनं भरली.

इथं एका माणसाची ओळख करून देते. क्लासच्या रस्त्यावर पाळीव प्राण्यांचं दुकान आहे, त्याचा मालक. पट्टे, खाऊ, पिल्लं विकतो, आणि काउंटरवरच चिपा बसवायचा. ना डॉक्टर, ना प्रशिक्षण. तो मामांना म्हणाला होता, "मामा, तुमचा हात चांगला. या की माझ्याकडं. तुम्ही टोचा." मामा म्हणाले, "कागूद यिऊ द्या." तो हसला. "आकडा वाचता येतो ना? मग झालं."

त्याच्याविरुद्ध मी पत्रक काढलं. मथळा, 'कागद दाखवा!' छापायच्या आधी कठड्यावर बसून मामांना वाचून दाखवलं. 'प्रमाणपत्र नसलेल्या दुकानदारांच्या हातात सुई देऊ नका,' अशी ओळ होती. मामांनी थांबवलं.

"दुकानदार लिवलंस. शिपाई बी लिव."

"शिपाई कशाला? तुम्ही कुठं टोचता?"

"मी न्हाई टोचत. पर दुसरे टोचत्यात, गावोगाव. एकाला लिवायचं आन् आपल्याला सोडायचं, ह्यो पक्षपात झाला. लिव."

मी लिहिलं. 'दुकानदारांच्या आणि शिपायांच्या हातात.' बरं वाटलं मला, न्यायाचं वाटलं.

त्या रविवारी चिपा बसवायचं शिबिर होतं. डॉक्टर नोंदणीवाले, व्यवस्था दुकानदाराची, कुत्री बंगल्यांतली. मामांना धरायला बोलावलं होतं. माझ्या पत्रकाचा उपयोग झाला असं मला वाटलं. खुद्द डॉक्टर टोचणार! मी फाटकाबाहेर पत्रकं वाटत उभी राहिले, रस्त्याकडं तोंड करून. आत बघायची गरज वाटली नाही.

डॉक्टर जीवशास्त्रही शिकवतात. अर्धा ट्युशन एरिया त्यांच्या बॅचमधे आहे. रविवारची बॅच अकराची. अकराला पाच कमी असताना डॉक्टर माझ्या शेजारून गेले, मला "छान काम करताय" म्हणून गेले, आणि मी, मूर्ख, हसले. मला वाटलं, काम संपलं असेल. आत अर्धी रांग बाकी होती. जाताना त्यांनी उरलेल्या सगळ्या फॉर्मांवर आगाऊ सह्या करून ठेवल्या होत्या.

फॉर्मवर दुसऱ्या सहीचीही जागा होती. पुढचं मामांनी मला नंतर सांगितलं तसं सांगते. दुकानदार म्हणाला, "मामा, इथं तुमची सही करा."

"हितं काय लिवलंय?"

"जनावर कोणी धरलं ते. मदतनीस."

आयुष्यात पहिल्यांदा जनावराच्या कागदावर कोणी मामांची सही मागत होतं. मामांनी हात पुसले. उरलेल्या प्रत्येक फॉर्मवर, सावकाश, इंग्रजीत सही केली. त्या ओळीवर इंग्रजीत लिहिलं होतं, चिप बसवणाऱ्याची सही. तो शब्द आमच्या चार धड्यांत आला नव्हता.

मग सुई दुकानदारानं घेतली. मामा म्हणाले, "साहेबाला यिऊ द्या." दुकानदार म्हणाला, "साहेब दोनला मोकळे होणार. लोकांना उन्हात ठेवता का?" रांगेतलेही म्हणाले, "करा की, काय एवढं त्यात." दोन कुत्री झाली. तिसरं एका बँकेतल्या बाईंचं, पांढरं, पिल्लूच, दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढं. मामा म्हणत होते, "चामडी उचला. तंबू करा चामडीचा, आन् सुई आडवी घाला." दुकानदार म्हणाला, "आता तुम्ही मला शिकवणार?" आणि सुई उभी घातली. पिल्लू उसळलं.

मी वळले तेव्हा घड्याळात अकरा वीस. पिल्लू मामांच्या हातात होतं. मागचे पाय लोंबत होते. पुन्हा कधी उचलले गेले नाहीत. सुई कण्यापर्यंत गेली होती.

त्यानंतरचं भराभर झालं. बाईंनी आरडाओरडा केला, डॉक्टर वर्गातून पळत आले, फॉर्म बघितला, आणि सगळ्यांच्या देखत मामांना म्हणाले, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं टोचायला?" मामा 'साहेब' म्हणाले आणि उभे राहिले. पुढं काही बोलले नाहीत. मी त्यांना नंतर शंभरदा विचारलं, का नाही बोललात? ते म्हणाले, "सही मपली हाय ना."

पशुसंवर्धन खात्यानं चौकशी लावली, तिची फाईल मी माहितीच्या अधिकारात मागवून बघितली. फॉर्म आहे. बसवणाऱ्याची सही, मामांची, वळणदार. 'पात्रता' या रकान्यात डॉक्टरांच्या अक्षरात 'नाही'. डॉक्टरांचा जबाब आहे, की आपण क्षणभर बाजूला गेलो असता परिचरानं परस्पर टोचलं. आणि त्याच्यामागं टाचणी लावून माझं पत्रक. 'कागद दाखवा!' 'शिपायांच्या' या शब्दाखाली लाल रेघ मारलेली. हा धोका प्राणिप्रेमी संघटनेनं आधीच दाखवून दिला होता, असा शेरा. संघटना म्हणजे मी.

मामांना दवाखान्याच्या गेटातून आत यायला बंदी झाली. तशी नोटीस गेटवर चिकटवली. मामा आठवडाभर गेटसमोर रस्त्याच्या पलीकडं बसायचे. जनावरं त्यांच्याकडं ओढ घ्यायची, मालक कासरा आवळून आत न्यायचे. मग मामा गावाकडं गेले.

पिल्लाचं काय झालं, हे कोणीच विचारत नाही. बाईंनी ते त्या दिवशी मांडवातच सोडलं. मामांनी उचललं. चिप मात्र नीट चालते! मी स्वतः यंत्र फिरवून बघितलं, आकडा येतो, आकड्यावरून बाईंचं नाव येतं. मी तो आकडा घेऊन बाईंच्या दारात गेले. म्हणाल्या, "आमचं नाही ते." दार लावताना जरा थांबल्या. "तुम्हाला कळत नाही का हो? मुलगी डॉक्टरांच्याच बॅचला आहे. यंदा तिचं वर्ष आहे."

रांगेतल्या आणखी सातजणांकडं मी गेले. कोणाचा मुलगा बॅचला, कोणाची पुतणी, कोणाचं होस्टेल त्या क्लासच्या पोरांवर चालतं. एक गृहस्थ सरळ म्हणाले, "सुई दुकानदाराच्या हातात होती, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पण लिहून देणार नाही." छावणीत एका म्हशीवर दोघं हक्क सांगत होते. इथं मालकाचा आकडा कातडीखाली आहे आणि मालक नाही म्हणतोय.

मागच्या महिन्यात मी मामांना भेटायला गेले. पुनर्वसनाचं गाव, सारखी घरं, सारखे रस्ते. मामांची खाट अंगणात होती. पिल्लू खाटेखाली. मागचे पाय ओढत पुढं आलं. मामा त्याला म्हणाले, "मालक, पाव्हनी आली." मला बसही म्हणाले नाहीत.

गावात कळलंय. लातुरात सुई घालून कुत्रं लुळं केलेला माणूस. आता कोणी जनावर दाखवायला आणत नाही. मी तिथं असताना समोरच्या घरी एक शेळी अडली होती, ओरडत होती. मामा उठले, चार पावलं गेले, आणि परत येऊन बसले. घरातल्या माणसानं बघितलं होतं. त्यानं हाक मारली नाही.

"मामा, परीक्षेचं हॉलतिकीट आलंय." मी पिशवीतून काढलं.

त्यांनी हातात घेतलं, सहीची जागा बघितली. जांभळा डाग पडलेलं बोट त्या चौकोनावर ठेवलं. "हितं काय लिवलंय?"

"परीक्षार्थीची सही. उमेदवार, मामा. तुमची."

"तू लबाड बोलत न्हाईस. पर मी आता कुटं बी सही करनार न्हाई," म्हणाले, आणि कागद माझ्या हातात दिला. इंग्रजीचं पुस्तकही दिलं. पाचव्या धड्यात बिस्किटाच्या पुड्याच्या कागदाची खूण होती.

हॉलतिकीट माझ्याकडं आहे. कोरं.

फाईलही अजून बंद झालेली नाही. तिच्यात 'प्रत्यक्षदर्शी' असं एक पान आहे, तेही कोरं आहे. मी त्या पानावर लिहू शकत नाही, कारण मी रस्त्याकडं तोंड करून माझीच पत्रकं वाटत होते. तुम्ही आत होता. कुत्र्याची साखळी हातात धरून रांगेत होता, मांडवात खुर्च्या लावत होता, वरच्या मजल्यावरच्या वर्गाच्या खिडकीत होता. तुमचं शिक्षण कितीही असो, बघायला पात्रता लागत नाही. एक कागद घ्या. त्यावर लिहा, 'सुई मामांच्या हातात नव्हती.' खाली तुमची सही करा, आणि चौकशी कार्यालयात आजच नेऊन द्या.